अल्सेशियनचा स्वभाव

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण माणसांबद्दल वापरतो. कुत्र्याच्या शेपटीची आणि नळीची म्हणही कुत्र्याचे नाव घेऊन शेवटी माणसाबद्दलच बोलते. दोन्ही म्हणींत एकच गृहीत आहे: स्वभाव जन्माबरोबर येतो आणि मरेपर्यंत बदलत नाही. घरात पिल्लू आणायचे ठरले की हे गृहीत कुत्र्याकडे वळते. लॅब्रेडॉर मायाळू, डॉबरमन तापट, पामेरियन भुंकरा, अल्सेशियन इमानी पण एकाच माणसाचा. घरात लहान मूल असेल तर चर्चा आणखी गंभीर होते, कारण निवड चुकली तर किंमत मुलाला किंवा त्या मुक्या जनावराला मोजावी लागते. या चर्चेत आपल्या तोंडी येणारा शब्द असतो ‘जात’. कुठल्या जातीचा आहे? त्या जातीचा स्वभाव कसा असतो? जन्मावरून स्वभाव ठरवण्याचा या देशाला जुना अनुभव आहे. निदान आपण तरी हा प्रश्न थोडा थांबून विचारायला हवा.

त्यासाठी एकाच जातीचा इतिहास पुरेसा आहे. ज्याला आता जर्मन शेफर्ड म्हणतात आणि आपल्याकडच्या पुष्कळ घरांत अजूनही अल्सेशियन म्हणतात, तो हा कुत्रा. त्याची नोंद इतकी नीट ठेवली गेली आहे की त्याच्या जन्माची तारीखसुद्धा सांगता येते.

३ एप्रिल १८९९ रोजी जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे कुत्र्यांचे प्रदर्शन भरले होते. माक्स फॉन स्टेफानिट्झ हा घोडदळातला माजी अधिकारी तिथे गेला होता. हेक्टर लिंक्सराइन नावाचा एक मेंढपाळी कुत्रा त्याच्या नजरेत भरला. त्याने तो तिथेच विकत घेतला आणि त्याचे नाव बदलून होरांड फॉन ग्राफ्राट असे ठेवले. त्याच महिन्यात त्याने जर्मन मेंढपाळी कुत्र्यांची संघटना स्थापन केली आणि तिच्या वंशावळीत पहिली नोंद होरांडची केली. थुरिंगिया, व्युर्टेंबर्ग अशा प्रांतांत धनगरांची कुत्री शतकानुशतके होतीच, पण त्यांना एक नाव, एक रूप आणि एक वही मिळाली ती त्या वर्षी. धनगराला कुत्र्याचे काम ठाऊक होते, त्याची ‘जात’ सांगण्याची गरज त्याला कधी पडली नव्हती.

हे काम नेमके काय होते, ते समजून घेतल्याशिवाय या कुत्र्याच्या स्वभावाबद्दल बोलण्यात अर्थ नाही. मेंढ्या राखणारा कुत्रा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो दबा धरून बसणारा, नजरेने कळप हलवणारा स्कॉटलंड-इंग्लंडच्या सरहद्दीवरचा कोली. जर्मन धनगराची गरज वेगळी होती. त्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंना उभी पिके आणि मधे चराईची चिंचोळी पट्टी असे. कुंपण नसे. कुत्र्याने दिवसभर त्या पट्टीच्या कडेने दुडक्या चालीत येरझाऱ्या घालायच्या आणि पिकात तोंड घालायला निघालेल्या मेंढीला परतवायचे. कुत्रा स्वतःच चालते कुंपण होता. धनगर लांब असे, म्हणून लहानसहान निर्णय कुत्र्यानेच घ्यायचे. हट्टी मेंढीला दाताने धरायची मुभा होती, पण मान, बरगडी किंवा मांडी अशा ठरावीक जागी आणि जखम न करता. चावायचे कसे, याइतकेच कुठे थांबायचे हेही त्याला कळावे लागे.

आता हाच कुत्रा तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात आणून पाहा. ज्याच्या पूर्वजांची निवड सीमा राखण्यासाठी झाली, तो दाराची घंटा वाजली की भुंकतो. कळपातून कोणी फुटू नये याकडे ज्यांचे लक्ष असे, त्यांचा वंशज अंगणात पळणाऱ्या पोरांभोवती गोल फिरतो आणि एखाद्याची चड्डी दाताने ओढतो. एका धनगराच्या खुणांवर चालणाऱ्याचा वारस घरातल्या एकाच माणसामागे खोलीखोलीतून फिरतो. दिवसभर चालण्याची ताकद अंगात घेऊन आलेला प्राणी सकाळी दहा मिनिटे फिरून आला की उरलेल्या दिवसाचे काय करायचे, हे त्याला समजत नाही आणि मग तो सोफ्याची गादी फाडतो. शेजारी म्हणतात, ‘तापट आहे’. घरचे म्हणतात, ‘आमच्यावर फार जीव आहे त्याचा’. खरे तर दोघेही एका जुन्या नोकरीचेच वर्णन करत असतात. नोकरी गेली, पण अंगातली सवय राहिली.

ती नोकरी जाणार हे स्टेफानिट्झला दिसत होते. कारखाने वाढत होते, मोकळी चराई आटत होती. रूपापेक्षा उपयोग मोठा, असे तो सतत सांगे. कामाविना आपला कुत्रा नुसता शोभेचा होईल ही त्याची धास्ती होती. म्हणून त्याने पोलिसांकडे आणि लष्कराकडे शब्द टाकला. पहिल्या महायुद्धात ही कुत्री निरोप पोचवत, जखमी सैनिक शोधत, पहारा देत होती. १९१६ साली ओल्डेनबुर्ग इथे आंधळ्या झालेल्या सैनिकांसाठी वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली. मेंढीला वाट दाखवणारा कुत्रा आता माणसाला वाट दाखवू लागला. दोन्ही कामांचा गाभा एकच होता: हुकूम ऐकायचा, पण हुकमात धोका दिसला तर स्वतःच्या बुद्धीने थांबायचे.

याच युद्धाने त्याचे नाव बदलले. शत्रूच्या देशाचे नाव असलेला कुत्रा ब्रिटनमध्ये कोण पाळणार? १९१९ मध्ये तिथल्या केनेल क्लबने त्याची स्वतंत्र नोंद सुरू केली ती ‘अल्सेशियन वुल्फ डॉग’ या नावाने. अल्सास हा फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवरचा प्रदेश, १८७१ पासून जर्मनीकडे असलेला आणि युद्ध संपताच फ्रान्सला परत मिळालेला. कुत्रा काही तिथला नव्हता, पण पत्ता राजकीयदृष्ट्या निर्धोक होता. अमेरिकेतही काही वर्षे नावातला ‘जर्मन’ गाळून नुसते ‘शेफर्ड डॉग’ म्हणत. ब्रिटनमध्ये मूळ नाव परत आले ते १९७७ मध्ये. तोवर इंग्रजांबरोबर ‘अल्सेशियन’ हा शब्द हिंदुस्थानात येऊन रुळला होता. एका महायुद्धातली खबरदारी आपल्या बोलीत आजही शिल्लक आहे.

ब्रिटिशांनी ‘जर्मन’ टाळले, पण त्याच्या जागी ‘वुल्फ’ म्हणजे लांडगा आणून बसवला. तो पुढे लवकरच गाळला गेला, तरी लोकांच्या मनातून गेला नाही. १९१९ मध्ये ब्रिटनच्या वहीत ५४ कुत्री होती, १९२६ पर्यंत आठ हजारांवर गेली. इतक्या झपाट्याने वाढलेल्या मागणीसाठी पिल्ले कशी पैदा होतात हे कुठल्याही काळात सारखेच असते: आईबाप कसे आहेत ते न बघता. भित्री, बिचकणारी कुत्री वाढली, चावण्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि ‘शेवटी लांडगाच तो’ असे म्हणायला नाव तयारच होते.

१९२९ मध्ये ऑस्ट्रेलियाने अल्सेशियनच्या आयातीवर बंदी घातली. मेंढपाळांची भीती अशी की हा लांडग्याच्या रक्ताचा कुत्रा तिथल्या रानटी डिंगोशी संकर करील आणि मेंढ्या फस्त करणारी नवी अवलाद जन्माला येईल. ती बंदी उठायला १९७० चे दशक उजाडावे लागले. ज्याच्या पूर्वजांना मेंढ्या सांभाळायला घडवले, त्यालाच मेंढ्यांच्या रक्षणासाठी देशाबाहेर ठेवले गेले.

नेमक्या याच काळात अमेरिकेत मुले सिनेमागृहांत याच कुत्र्यासाठी टाळ्या वाजवत होती. ली डंकन या अमेरिकी सैनिकाला सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्सच्या लॉरेन भागातल्या फ्लिरे या गावाजवळ, बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या कुत्र्यांच्या गोठ्यात काही पिल्ले सापडली. त्यांतले एक पुढे ‘रिन टिन टिन’ झाले आणि १९२३ पासून वॉर्नर ब्रदर्सच्या मूकपटांचा नायक बनले. १९२५ च्या एका चित्रपटात त्याने लांडग्यांच्या कळपाच्या म्होरक्याची भूमिका केली. तो लांडगा माणसाच्या मायेने बदलतो आणि शेवटी त्याचा पाठीराखा होतो. सिडनीत जो लांडगा सीमेवर अडवला जायचा, तोच हॉलिवूडमध्ये तिकीट काढून बघितला जात होता.

तिसरी गोष्ट स्वित्झर्लंडमध्ये घडत होती, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. डोरोथी हॅरिसन युस्टिस ही अमेरिकन बाई माँ पेलेराँ इथे ‘फॉर्च्युनेट फील्ड्स’ नावाचे केंद्र चालवत होती. तिथे जर्मन शेफर्डची पैदास रूपासाठी नाही, स्वभावासाठी होत असे. तिचे सहकारी एलियट हम्फ्री आणि ल्युसियन वॉर्नर यांनी कामाच्या कुत्र्यांवर १९३४ मध्ये पुस्तक लिहिले. एकेका कुत्र्याचा कान आवाजाला किती हळवा आहे, अंग स्पर्शाला किती हळवे आहे, हे ते टिपून ठेवत आणि त्यावरून कोणाला कोणते काम द्यायचे ते ठरवत. एकाच जातीची, एकाच केंद्रातली कुत्री, तरी काही वाटाड्याच्या कामाची, काही पोलिसांच्या आणि काही कशाचीच नाहीत. जातीच्या आत किती स्वभाव असतात हे त्यांच्या नोंदवह्यांत दिसत होते.

१९२७ मध्ये युस्टिसने एका अमेरिकी साप्ताहिकात जर्मनीतल्या वाटाड्या कुत्र्यांवर लेख लिहिला. नॅशव्हिलमधल्या मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला तो वाचून दाखवला गेला. त्याने तिला पत्र लिहिले, आणि पुढच्या वर्षी तो स्वित्झर्लंडहून ‘बडी’ नावाच्या कुत्रीला घेऊन परतला. न्यूयॉर्कमधला एक वाहत्या गर्दीचा रस्ता त्याने पत्रकारांसमोर तिच्या भरवशावर ओलांडला. १९२९ मध्ये अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली. म्हणजे ज्या वर्षी एका खंडाने या कुत्र्याला दार बंद केले, त्याच वर्षी दुसऱ्या खंडात आंधळ्या माणसांचा जीव त्याच्या हवाली केला गेला.

पुढचा इतिहास काळा आहे. नाझी राजवटीने हा कुत्रा जर्मन शुद्धतेचे चिन्ह बनवला. छळछावण्यांच्या तारांजवळ पहारेकऱ्यांबरोबर तो उभा राहिला आणि वाचलेल्या अनेकांच्या मनात त्याच्या भुंकण्याची भीती आयुष्यभर राहिली. मे १९६३ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅम शहरात समान हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेल्या कृष्णवर्णी तरुणांवर पोलिसांनी हीच कुत्री सोडली. एका तरुणाच्या पोटाशी झेपावणाऱ्या कुत्र्याचे छायाचित्र जगभर छापले गेले. त्या छायाचित्रात पट्टा धरलेला हातही दिसतो. तरी पुष्कळांच्या आठवणीत राहिले ते फक्त दात.

धनगराचा सोबती, लांडगा, नायक, वाटाड्या, छळछावणीचा पहारेकरी. अवघ्या साठ-पासष्ट वर्षांत एकाच जातीला मिळालेले हे पाच स्वभाव आहेत. इतक्या थोड्या पिढ्यांत कुत्र्याचे रक्त पाच वेळा उलटेपालटे होत नाही. बदलत गेले ते त्याला काम देणारे हात.

भीतीची जागा मात्र रिकामी राहत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ती ब्लडहाउंडकडे होती, पळालेल्या गुलामांचा माग काढणारा म्हणून. मग ती अल्सेशियनकडे आली, पुढे डॉबरमनकडे, मग रॉटवायलरकडे आणि आता पिटबुलकडे. त्याला उत्तर म्हणून पिटबुलचे चाहते सांगतात की पूर्वी तो ‘मुलांची आया’ म्हणून ओळखला जायचा. या कथेलाही जुना आधार नाही, ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. मोठ्या ताकदीच्या कुत्र्याबरोबर लहान मुलाला एकटे सोडायला ही गोड कथा धीर देते, म्हणून ती भीतीच्या कथेइतकीच घातक आहे.

मग वंशाला काहीच अर्थ नाही का? आहे, पण आपण समजतो तो नाही. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींची पिल्ले वर्षानुवर्षे वाढवून पाहिली आणि १९६५ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. जातीजातींत फरक होतेच. बसेंजीची पिल्ले पाचव्या आठवड्यात माणसाला बिचकून चावायला बघत, कॉकर स्पॅनियलची तितकी नाही. पण रोज हाताळल्यावर तीच बसेंजी पिल्ले काही आठवड्यांत माणसाळत. पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचे असते तेव्हा त्याच्या मनाचे दार माणसांसाठी सर्वांत जास्त उघडे असते, हे त्यांच्या कामातून ठळक झाले. तिथल्याच एका प्रयोगात चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा स्पर्श न झालेली पिल्ले जवळजवळ रानटी राहिली.

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेले संशोधन प्रसिद्ध झाले. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे ९ टक्केच भाग जातीवरून सांगता येतो, असे त्यात आढळले. माणसाचे ऐकून काम करण्याची वृत्ती जातीनुसार बरीच वेगळी निघाली. पण कुत्रा किती पटकन चिडतो, याबद्दल जात जवळजवळ काहीच सांगत नाही. मला यातून असे दिसते की वंशातून कसब येते: वळवणे, आणून देणे, माग काढणे, राखण करणे. चांगुलपणा आणि दुष्टपणा ही आपण वरून लावलेली नावे आहेत. अंगातली ताकद मात्र खरी असते आणि ती विसरून चालत नाही. चिडलेला पामेरियन आणि चिडलेला रॉटवायलर यांच्या चाव्यात फरक आहे, तो स्वभावाचा नसून जबड्याचा आहे.

आणखी एक गोष्ट वहीत लिहिलेली नसते, ती म्हणजे वेदना. प्रदर्शनांसाठी पैदास होत गेली तशी जर्मन शेफर्डच्या अनेक वंशांत पाठ मागे उतरती होत गेली. खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा विकार या जातीत बराच आढळतो. पायऱ्या चढताना कळ येणाऱ्या कुत्र्याच्या पाठीवर पोर बसले आणि तो गुरगुरला, तर आपण म्हणतो, ‘अल्सेशियन आहे, भरवसा नाही’. डॉक्टरांकडे नेण्याचा विचार नंतर येतो, कधी येतच नाही.

हा सगळा इतिहास आपल्या दारापर्यंत आला आहे. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन विभागाने राज्यांना परिपत्रक पाठवून तेवीस प्रकारच्या ‘हिंस्र’ कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितले. जी आधीच घरांत आहेत, त्यांची नसबंदी करायची होती. त्यामागे कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेले मृत्यू होते, आणि ते दुःख खोटे नव्हते. पण यादी वाचली की गोंधळ दिसतो. जपानी टोसा तिच्यात दोन नावांनी दोनदा येतो. ‘टेरियर’ हा अख्खा समूह, त्यातल्या मांडीवर मावणाऱ्या कुत्र्यांसकट, एका शब्दात येतो. ‘वुल्फ डॉग’ही आहे. आणि १९१९ मध्ये ज्याला तेच नाव दिले गेले होते, तो आपला अल्सेशियन मात्र यादीत नाही, कारण शंभर वर्षांत त्याच्याविषयीची भीती दुसरीकडे सरकली आहे. संबंधितांशी विचारविनिमय न करता काढले, या कारणास्तव कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये हे परिपत्रक रद्द केले. नेदरलँड्सने पिटबुलवर घातलेली बंदी, चावे कमी झाले नाहीत म्हणून, २००८ मध्येच मागे घ्यायचे ठरवले होते. बंदीच्या बातमीचा पहिला फटका बसतो तो घरात वाढलेल्या कुत्र्यांना. मालक घाबरतो आणि रात्री गाडीतून नेऊन लांब सोडून येतो.

तेव्हा घरात कुत्रा आणायचाच असेल, तर ‘या जातीचा स्वभाव कसा असतो’ या एका प्रश्नाची फोड करावी. याच्या पूर्वजांना कोणत्या कामासाठी घडवले, आणि त्या कामाच्या बदल्यात माझ्याकडे द्यायला काय आहे? याची आई बघता येईल का, अनोळखी माणूस आला की ती काय करते? पहिल्या बारा आठवड्यांत याला कोणाकोणाचा हात लागला, की हे पिल्लू पिंजऱ्यातच वाढले? पहाटे सहाला पावसात याला घेऊन बाहेर कोण जाईल? खाणाऱ्या कुत्र्याला हात लावायचा नाही, हे घरातल्या मुलाला कोण शिकवील? हेच प्रश्न रस्त्यावरून उचललेल्या गावठी पिल्लालाही लागू पडतात, आणि त्याची वंशावळ नाही म्हणून त्याच्या बाजूने उत्तरे कमी भरत नाहीत.

वंशावळीत होरांडची नोंद झाली त्याआधीही तो मेंढ्या वळवणाऱ्यांच्याच कुळातला होता. धनगराने त्याला ओळखले असते ते रोजच्या कामावरून, कडेने चालतो कसा आणि थांबतो कुठे ते बघून. कुत्र्याला ओळखण्याची ही रीत वहीपेक्षा जुनी आहे. तिला वेळ द्यावा लागतो, आणि मुले असलेल्या घरात तो वेळ द्यायची तयारी नसेल तर कुठल्याच जातीचा कुत्रा आणू नये.